थायरॉईडचं ऑपरेशन सांगितलंय? सही करण्याआधी कारण समजून घ्या

सात वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाचे फोटो बघताना माझ्याच गळ्याकडे माझं लक्ष गेलं. पोतीच्या थोडं वर, उजव्या अंगाला, सुपारीएवढा उंचवटा. तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवलं. तिथल्या सर्जननी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि म्हणाले, "परवा ॲडमिट व्हा. पूर्ण ग्रंथीच काढून टाकू, कटकट मिटेल." सुईची तपासणी झालेली नव्हती. का काढायची असं विचारलं तर उत्तर आलं, "थायरॉईड आहे ना तुम्हाला."

आम्ही पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती. माझे एक चुलत दीर औषधाच्या दुकानात काम करतात. त्यांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "वहिनी, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, तर नॉर्मल आहे. नेमकं कशासाठी काढायचंय, ते तर विचारा." तो प्रश्न घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. माझं ऑपरेशन झालं, पण अर्ध्या ग्रंथीचं, आणि कारण कळल्यावर. उरलेली अर्धी आजही नीट काम करते. मला रोजची गोळी लागत नाही.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण तेव्हापासून गावातले, नात्यातले लोक फाईल घेऊन घरी येतात आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगत असते. ते सगळं इथं क्रमानं लिहिते आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आणि तुमचा. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा त्यांचं बोलणं तुम्हाला कळायला हवं, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपल्या मराठवाड्यात हे जास्तच गरजेचं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. किती जणींना पिशवी का काढली हेच धड सांगता येत नव्हतं. शरीरातला अवयव काढायचा तर कारण माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं पाहिजे.

पायरी १ : दोन प्रश्न वेगळे करा

थायरॉईड हे आजाराचं नाव नाही. ती प्रत्येकाच्या गळ्यात असलेली ग्रंथी आहे. कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला पुढून बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. तिचा रस रक्तात उतरतो आणि त्यावर शरीराचा वेग ठरतो: हृदयाचे ठोके, वजन, पाळी, पोट साफ होणं, थंडी-उष्णता सोसणं.

डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. पहिला, ग्रंथी किती काम करते? ते रक्तातून कळतं. दुसरा, तिची ठेवण कशी आहे, ती वाढली आहे का, गाठ आहे का? ते हाताने तपासून आणि सोनोग्राफीत कळतं. लोकांची गल्लत इथंच होते. रक्ताचा रिपोर्ट बिघडला तरी गाठ नसू शकते. भलीमोठी गाठ असून रक्त अगदी नॉर्मल असू शकतं, माझं तसंच होतं.

टीएसएच हा आकडा उलटा वाचायचा. तो ग्रंथीचा रस नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉईडला जो हुकूम सोडते, तो हा. थायरॉईड कमी काम करत असेल तर वरून हुकूम वाढत जातो, टीएसएच चढतो. ती जास्त काम करत असेल तर हुकूम थांबतो, टीएसएच तळाला जातो.

माझ्याकडे येणाऱ्या दहा फायलींतल्या सहा-सात अशा असतात: बाई पस्तिशीची, वजन वाढलेलं, केस गळतात, टीएसएच १० किंवा १५. आणि घरचे विचारतात, "मॅडम, ऑपरेशन करावं लागेल का?" नाही. ग्रंथी कमी काम करते म्हणून ती काढत नाहीत. जे कमी पडतंय ते लिव्होथायरॉक्सिनच्या गोळीनं भरून काढतात. थकलेल्या बैलाला दावणीतून सोडवून विकून टाकल्यानं नांगरट होत नाही. नुसता टीएसएच वाढलाय म्हणून कुणी ऑपरेशन सांगितलं, तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी २ : गाठ असेल तर तपासण्या क्रमानं करा

आधी टीएसएच. मग गळ्याची सोनोग्राफी. मग, गरज असेल तर, सुईची तपासणी. हा क्रम मोडू नका आणि मधली पायरी गाळू नका.

टीएसएच खाली गेलेला असेल आणि गाठही असेल, तर डॉक्टर बहुधा थायरॉईड स्कॅन सांगतात. गाठ स्वतःच जादा रस सोडते आहे का, ते त्यात दिसतं. तशा गाठीला 'हॉट' म्हणतात. ऐकायला भीती वाटते, पण हॉट गाठीत कॅन्सर क्वचितच असतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर टायरॅड्स असा शब्द आणि पुढं १ ते ५ मधला आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी शंका जास्त. कडा वेड्यावाकड्या, आत बारीक चुन्याचे ठिपके, रुंदीपेक्षा उंची जास्त, अशी लक्षणं असली की आकडा चढतो. सुई कधी घालायची ते या आकड्यावर आणि गाठीच्या मापावर ठरतं. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी डॉक्टरांच्या संस्थेची पद्धत आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी वापरतात. तिच्यात ५ आकड्याची गाठ १ सेंटिमीटर झाली की सुई, ४ ची दीड सेंटिमीटरला, ३ ची अडीच सेंटिमीटरला. १ आणि २ ला सुईची गरज नसते. म्हणजे सोनोग्राफीत दिसणाऱ्या कितीतरी गाठींना सुईसुद्धा लावावी लागत नाही. सांगायचं मुख्य म्हणजे दहापैकी नऊहून जास्त गाठी साध्या असतात. रिपोर्ट हातात पडल्यावर घरी रडारड सुरू होते तेव्हा हे आठवा.

सुईच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक सुई. दोन-तीनदा टोचतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे मी लातूरपासून हिंगोलीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. ते खरं नाही. या एका भीतीपायी लोक तपासणी टाळतात आणि मग एकतर विनाकारण मोठं ऑपरेशन करून घेतात, नाहीतर खरा आजार वाढवून बसतात.

सुईचा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीनं १ ते ६ मध्ये देतात. १ म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा सुई घ्या. २ म्हणजे साधी गाठ. ६ म्हणजे कॅन्सर, ५ म्हणजे दाट संशय. ३ आणि ४ ही मधली, अडचणीची जागा. माझा रिपोर्ट ४ होता. मी डॉक्टरांना विचारलं, सुईत कळत कसं नाही? त्यांनी समजावलं ते मला कापसातून पटलं. बोंडअळीनं बोंडाला भोक पाडलंय का, हे आतला कापूस चिमटीत धरून कळत नाही. अख्खं बोंड फिरवून बघावं लागतं. या प्रकारच्या गाठीतही पेशी सारख्याच दिसतात. त्या गाठीचं आवरण फोडून बाहेर पडल्यात का, यावर साधी की कॅन्सरची ते ठरतं. म्हणून गाठ आवरणासकट बाहेर काढून बघायची. चौथ्या गटात साधारण चारातल्या एकीला कॅन्सर निघतो. म्हणजे तिघींना निघत नाही. म्हणूनच अशा वेळी आधी गाठीच्या बाजूचीच अर्धी ग्रंथी काढतात. माझी गाठ साधी निघाली. पूर्ण ग्रंथी काढली असती तर निरोगी अर्धी फुकट गेली असती.

पायरी ३ : ऑपरेशन खरंच कधी लागतं

*कॅन्सर किंवा त्याचा दाट संशय.* बेथेस्डा ५ किंवा ६ आला, तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार. थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये पॅपिलरी नावाचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. तो हळू वाढतो, आणि वेळेत काढला तर बहुतेक माणसं आपलं पूर्ण आयुष्य जगतात. मानेतल्या लिम्फच्या गाठींत तो उतरलेला असेल तर त्याही काढतात. मेड्युलरी नावाचा प्रकार कमी आढळतो, पण तो काही घराण्यांत चालत येतो. घरात कुणाला झाला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा. लहानपणी गळ्याला किरणांचा उपचार झाला असेल तर तेही.

सगळे कॅन्सर उद्याच कापायचे असतात असंही नाही. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, ग्रंथीबाहेर न गेलेला पॅपिलरी कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीनं नजरेखाली ठेवण्याची पद्धत जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं १९९३ मध्ये सुरू केली. तशा बहुतेक गाठी वर्षानुवर्षं वाढत नाहीत, असं त्यातून दिसलं. दक्षिण कोरियात उलटं झालं. तिथं सरसकट गळ्याच्या सोनोग्राफ्या होऊ लागल्या. १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरचं निदान १५ पटींनी वाढलं, पण त्यानं मरणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली. म्हणजे हजारो गळे उगाच कापले गेले. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात काहीही त्रास नसताना गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ नका, असं मी सांगते ते यामुळं.

*गळ्यावर दाब.* हे कारण आपल्याकडे अंगावर काढलं जातं, म्हणून यावर जरा थांबते. माझ्या सासूबाईंचा गलगंड वीस वर्षांचा. दुखत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पाल्याचा लेप झाला, मंतरलेला दोरा झाला. मग भाकरीचा घास अडकायला लागला. त्या प्रत्येक घासाला पाणी प्यायच्या. मग उताणं झोपणं बंद झालं, उशाला दोन-दोन उशा. शेवटी झोपेत शिट्टीसारखा आवाज यायचा आणि आम्ही म्हणायचो, घोरतात. ते घोरणं नव्हतं, श्वासनळी दबत होती.

घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. दोन्ही हात डोक्याच्या वर, कानाला लावून मिनिटभर धरा. चेहरा लालबुंद होऊन फुगला, दम लागला, तर गाठ छातीच्या हाडामागं उतरली असण्याची शक्यता असते. अशा वेळी सीटी स्कॅन करतात. गोळीनं असला मोठा गलगंड जिरत नाही. गिळायला, श्वासाला त्रास होत असेल तर ऑपरेशन लागतं, गाठ साधी असली तरी. सासूबाईंचं ऑपरेशन बासष्टाव्या वर्षी झालं. चौथ्या दिवशी सपाट गादीवर उताण्या झोपल्या आणि सकाळी म्हणाल्या, "काहून गं इतकी वर्षं थांबवलं मला?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वयस्कर माणसाची गाठ काही आठवड्यांतच भराभर वाढली, आवाज बसला, श्वासाला आवाज यायला लागला, तर सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांचीही वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

*ग्रंथी जादा काम करते आणि दुसरा इलाज जमत नाही.* भूक भरपूर पण वजन घटतंय, छातीत धडधड, हात थरथरतात, घाम, चिडचिड, जुलाब. मे महिन्यात ४२-४३ अंश असताना हे सगळं उन्हावर ढकललं जातं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा दोन उन्हाळे असाच हिंडला. ग्रेव्ह्ज नावाच्या आजारात हे होतं, कधी डोळेही पुढं येतात. यात पहिला इलाज कार्बिमेझॉलसारख्या गोळ्या, साधारण १२ ते १८ महिने. गोळ्या बंद केल्यावर जवळपास निम्म्या लोकांना आजार परत येतो. मग रेडिओआयोडीन (ग्रंथीच्या पेशी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीनचं औषध) किंवा ऑपरेशन. ऑपरेशनकडे कल जातो तो ग्रंथी फार मोठी असेल, सोबत संशयाची गाठ असेल, डोळ्यांचा त्रास जोरात असेल (रेडिओआयोडीननं तो वाढू शकतो), लवकर मूल हवं असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तेव्हा. जादा रस सोडणाऱ्या गाठी असतील तर गोळ्यांनी आजार दबतो, मुळातून जात नाही. तिथं शेवटी रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन यांतलं एक करावं लागतं.

इथं एक इशारा. कार्बिमेझॉल चालू असताना ताप आला, घसा जोरात दुखायला लागला, तर गावच्या डॉक्टरांकडून नुसतं तापाचं इंजेक्शन घेऊन गप्प बसू नका. ती गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. क्वचित त्या एकदम खाली जातात आणि जिवावर बेततं. एकदा असं झालेल्या माणसाला ती गोळी परत देत नाहीत.

*दिसायला वाईट दिसतं म्हणून.* लग्नाच्या मुलीचा गळा हा आपल्याकडे घरादाराच्या काळजीचा विषय होतो. वयात येताना मुलींचा गळा थोडा भरतो आणि बहुधा आपोआप उतरतो. साधी पण मोठी, डोळ्यात भरणारी गाठ असेल आणि मुलीला स्वतःला नको असेल, तर डॉक्टर ऑपरेशन करतात, ते चुकीचं नाही. पण पाहुणे यायचेत म्हणून घाईनं गळा कापू नका. आणि गोळी चालू असलेल्या मुलीला "सासरी सांगू नको" असं तर अजिबात शिकवू नका. लपवायचं म्हणून गोळी सुटते आणि त्रास पहिल्या बाळंतपणात समोर येतो.

पायरी ४ : थांबता येत असेल तर थांबा

साधी गाठ, बेथेस्डा २, गिळायला-श्वासाला त्रास नाही: वर्ष-दीड वर्षानं सोनोग्राफी, एवढंच. पाण्याची गाठ असेल तर सुईनं पाणी काढतात. पुन्हा पुन्हा भरत राहिली तरच पुढचा विचार. काही मोठ्या शहरांत साध्या गाठी सुईवाटे उष्णता देऊन आकसवण्याची सोय आहे, तीही विचारून बघा. गलगंडासाठी मनानं आयोडीनचे थेंब घेऊ नका, काही गाठी त्यानं बिथरतात. मीठ मात्र आयोडीनचंच हवं. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो आयोडीनच्या कमतरतेमुळंच. अजूनही आपल्याकडे जनावरांसाठी आणलेलं खड्याचं मीठ घरच्या आमटीत पडतं, ते थांबवा.

पायरी ५ : कुठं जायचं

सोनोग्राफी आणि सुईची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कान-नाक-घसा आणि सर्जरी या दोन्ही विभागांत थायरॉईडची ऑपरेशनं होतात. कॅन्सर असेल तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नाहीतर मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल. ऑपरेशननंतर रेडिओआयोडीन लागलं तर परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासून चालू. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असाल तर नुसते कागद नेऊ नका. जिथं तपासणी झाली त्या लॅबमधून गाठीच्या नमुन्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तिथं ते पुन्हा बघतात. त्यांच्याशिवाय गेलात तर एक फेरी वाया.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि आधी विचारा, माझं हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का? मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. पैसे भरून मग योजनेत बसवू म्हटलं तर जमत नाही.

पायरी ६ : सर्जनना काय विचारायचं

हे वहीत लिहून न्या. विचारायला लाजू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

कारण काय, एका वाक्यात, आणि ते केसपेपरवर लिहाल का? अर्धी काढणार की पूर्ण, आणि पूर्ण असेल तर का? सहा महिने थांबलो तर काय होईल? तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? शेवटचा प्रश्न उद्धट वाटतो, पण त्याला आधार आहे. वर्षाला पंचविसाहून जास्त थायरॉईड काढणाऱ्या सर्जनच्या हातून गुंतागुंत कमी होते, हे अभ्यासातून दिसलंय.

अर्धी की पूर्ण हा प्रश्न मी इतका लावून का धरते? पूर्ण ग्रंथी काढली की गोळी जन्मभर, एकही दिवस न चुकता. अर्धी राहिली तर चार-पाचातल्या एकाला गोळी लागते, बाकीच्यांना नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बाईला पाच महिने फडात रोज गोळी, मधे रक्ताची तपासणी, हे सोपं नाही. आजारच तसा असेल तर पूर्ण काढावीच लागेल. पण "परत कटकट नको" एवढंच कारण असेल, तर ते पुरेसं नाही. तुम्ही काय काम करता, कुठं राहता, हे डॉक्टरांना सांगा. त्यांना ते माहीत नसतं.

धोकेही विचारा. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतो. सरावलेल्या हातांत कायमचा बिघाड शंभरात एखाद्याला होतो. मागेच तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. पूर्ण ऑपरेशननंतर त्या काही दिवस रुसतात. शाळेत दिवसभर बोलणारी मी, मला आवाजाचीच भीती जास्त होती. कीर्तनकार, भजनी मंडळातले, भाजीवाले, ज्यांचं पोट आवाजावर आहे, त्यांनी ते आधीच सांगावं. ऑपरेशनआधी दुर्बिणीनं स्वरयंत्र तपासून घेतलं म्हणजे नंतर तुलना करता येते.

पायरी ७ : आधीची तयारी

ग्रंथी जादा काम करत असेल तर आधी गोळ्यांनी ती ताळ्यावर आणतात, मगच भूल. यात घाई केली तर टेबलावर किंवा नंतर हृदयाचे ठोके आणि ताप बेफाम वाढू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, बीपी-शुगरची औषधं, चालू असलेला काढा किंवा चूर्ण, सगळं सांगा. ड-जीवनसत्त्व कमी असेल तर आधी भरून घ्या, पुढं कॅल्शियमला त्याची मदत होते.

पायरी ८ : ऑपरेशनची रात्र

सोबत राहणारं माणूस जागं राहणारं असावं. पहिले २४ तास महत्त्वाचे. गळा फुगायला लागला, पट्टी घट्ट वाटायला लागली, पेशंट बेचैन झाला, श्वास लागला, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. तत्क्षणी सिस्टरला बोलवायचं. आत रक्त साचण्याचा हा प्रकार शंभरात एखाद-दोघांना होतो, पण झाला तर मिनिटांचा खेळ असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हाताला पेटके येणं, हे कॅल्शियम उतरल्याचं लक्षण. लगेच सांगा. साधारण दोन-तीन दिवसांत सुट्टी होते. गाव लांब असेल, जिंतूर-सेनगावच्या पलीकडे असेल, तर आणखी दोन-तीन दिवस शहरातल्या पाहुण्यांकडे राहा. सासूबाईंना रात्री दोन वाजता मुंग्या आल्या तेव्हा आम्ही परभणीत होतो म्हणून निभावलं.

जखमेला हळद, राख, तेल काही लावू नका. व्रण वर्षभरात बराच पुसट होतो. उन्हात जाताना पदर किंवा रुमाल गुंडाळा, उन्हानं तो काळपट राहतो.

पायरी ९ : रिपोर्ट आणि गोळी

काढलेल्या ग्रंथीचा बायोप्सी रिपोर्ट आठ-पंधरा दिवसांनी येतो. टाके निघाले, बरं वाटलं की लोक तो आणायलाच जात नाहीत. तो आणा आणि डॉक्टरांना दाखवा. पुढचं सगळं त्यावर आहे: उरलेली अर्धी काढायची का, रेडिओआयोडीन लागतं का. रेडिओआयोडीन घेतल्यावर काही दिवस लेकरांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहावं लागतं, आणि बाईनं निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत.

गोळीचा डोस वजनावर ठरतो. पूर्ण ग्रंथी काढलेल्या ६० किलोच्या माणसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम लागते. सकाळी उठल्या उठल्या पाण्यासोबत घ्यायची, आणि चहा अर्धा ते एक तासानं. पहाटेचा चहा सोडणं किती जड जातं ते मला माहीत आहे. पण चहासोबत घेतलेली गोळी पूर्ण लागू होत नाही आणि मग डोस वाढवत बसावं लागतं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांच्या अंतरानं. नवरात्राच्या उपवासात गोळी चालते, पाण्यासोबतच घ्यायची आहे. रमजानमध्ये सहरीच्या आधी घ्यायची की रात्री झोपताना रिकाम्या पोटी, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. बंद मात्र करू नका. पाळी चुकली तर लगेच दाखवा, गरोदरपणात डोस वाढवावा लागतो.

या गोळीला उष्णता आणि ओल सोसत नाही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली बाटली खराब होते. जाड भिंतीच्या कोनाड्यात, सावलीत ठेवा. माठाला टेकवून नको.

टीएसएचची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी. त्या तारखेला तुम्ही कारखान्यावर असणार असाल, तर जाण्याआधीच डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या. रक्त कारखान्याजवळच्या कुठल्याही लॅबमध्ये देता येतं, रिपोर्टचा फोटो फोनवर पाठवता येतो. गोळ्या मोजून न्या: पाच महिन्यांचे दीडशे दिवस, आणि वर पंधरा जास्तीच्या.